अर्थ

बत्तीस वर्षं मी परभणी डेपोच्या स्टोअरमध्ये
जाळीआड बसलो.
मेकॅनिक चिठ्ठी सरकवायचे, मी नंबर वाचायचो,
रॅकवरून उचलून द्यायचो,
बिन कार्डावर लिहायचो जमा, खर्च, शिल्लक.
'नाही' म्हणायला मला क्षणही लागायचा नाही,
कधी कधी माल असतानाही.

आता मी जाळीच्या बाहेर.
हातात पिशवी, पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला
छप्पन सालच्या लँडमास्टरचा रेग्युलेटर.
गाडी गंगाखेडच्या गुरांच्या डॉक्टरची.
मागच्या सीटवर एकदा वासरू आणलं होतं म्हणतात.
मी ग्रॅच्युइटीतून घेतली.
घरी काय सांगितलं ते इथे नको.

डॅशवरचा लाल दिवा विझत नाही.
रेस दिली की आणखी लाल होतो,
चिडवल्यासारखा.

स्टेशन रोडवरचा पोरगा म्हणाला, काका, अल्टरनेटर टाका,
मारुतीचा बसतो, अर्ध्या तासाचं काम.
मी म्हणालो, या गाडीचा अर्थ प्लसला आहे.
तो हसला. अर्थ मायनसलाच असतो, काका.
त्याच्या जन्मापासून तो तिथेच आहे,
त्याचं तरी काय चुकलं?

नांदेडला वजिराबादेत तीन दुकानं.
एकानं ट्रॅक्टरचा दाखवला.
एकानं पितळी हॉर्न पाहून घ्या म्हणून आग्रह केला.
एकानं नवा कोरा, खोकं चकचकीत,
कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त.
तळहातावर घेतला, हलका लागला.
आत तांबं कमी असलं की कळतं.
पेन्शनीत गेलो तरी हात अजून ड्युटीवर आहे.

जालन्याला भंगार उतरतं ते भट्टीसाठी.
चॅसी, पिळलेल्या सळया, शाळेचे बाक,
सगळं काट्यावर, किलोवर.
सय्यद मुनव्वर चहात पाव बुडवत बसले होते.
मी डबा उघडला.
त्यांनी बशी खाली ठेवली, चष्मा पुसला.
"प्लस अर्थ है ना?"
तीन जिल्हे फिरलो,
बरोबर प्रश्न पहिल्यांदा कानावर आला.
पोराला म्हणाले, "तेल के डिब्बों के पिच्छे देख.
मिला तो ला, नै तो आव नक्को."
पोरगा दीड तासानं आला, कोपर सोललेलं.
बुडाशी ठोकलेला नंबर तोच.
मी विचारलं, किलोचा भाव लावता का?
"ये भट्टी का माल नै.
तीनसो दो. और गाडी चली तो लाके दिखाव."

घरी आलो. बसवला. किल्ली फिरवली.
लाल दिवा लाल.
दोन दिवस मी गाडीशी बोललो नाही.

तिसऱ्या रात्री लाइट गेली म्हणून
बॅटरी घेऊन अंगणात गेलो,
बोल्ट काढले, उगीचच.
खाली पत्र्यावर हिरवा रंग.
उन्हाळ्यात मीच दिलेला, दोन हात,
कुठे कसर राहू नये म्हणून
दिसणार नाही तिथेही.
काचकागद घेतला, घासत बसलो.
रुपयाएवढा पत्रा उघडा झाला,
मग जुनाच रेग्युलेटर,
ज्याला मी चार गावं फिरवून बदनाम केलं,
परत जागेवर कसला.

रेस दिली. दिवा विझला.
रंगाखाली दडलेला होता,
आता अर्थ लागला.
कुमुद खिडकीतून म्हणाली, हळू, लोक झोपलेत.

सकाळी एक कोरं बिन कार्ड सापडलं.
मुनव्वरभाईंचा पार्ट बिस्किटांच्या डब्यात ठेवला
आणि सवयीच्या अक्षरात लिहिलं:
जमा एक. खर्च निरंक. शिल्लक एक.

रविवारी गाडी दाखवायला जालन्याला जायचंय.
ते बॉनेट उघडायला सांगतील.
मानवत सोडेपर्यंत तरी
काहीतरी सुचायला हवं.